हरवलेली पांदण, नसलेली आमराई

१

मांडवखेडातला एक रस्ता चोरीला गेला आहे, हे उघडकीला आलं कवडूमामांच्या मयतीच्या दिवशी.

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावाहून आत वळलं की मांडवखेड लागतं. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती. वस्तीतल्या विहाराच्या मागून एक पांदण निघते. पांदण म्हणजे शेतांच्या बांधांमधून जाणारी जुनी गाडीवाट. ती नाला ओलांडते आणि वस्तीच्या स्मशानापाशी संपते. कवडूमामांना खांद्यावर घेऊन माणसं त्या वाटेनं निघाली आणि नाल्याच्या अलीकडे थांबली. पुढं लोखंडी फाटक होतं, फाटकाला कुलूप होतं आणि वर पाटी होती : 'स्वर्णविहार लेआउट. तुमच्या स्वप्नांचा पक्का पत्ता.'

जन्मभर घाईत असलेले कवडूमामा उन्हात ताटकळले.

मग माजी सरपंच वासुदेवराव मोटारसायकलवरून आले. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि देवळाचा गाभारा उघडावा तशा थाटात कुलूप उघडलं.

"आजच्यापुरतं खोलून देतो. शेवटी माणुसकी हाये."

"आजच्यापुरतं काऊन? पांदण आमची हाये," कोणीतरी म्हणालं.

"कोणती पांदण? नकाशात दाखवून द्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एवढा मोठा नकाशा हाये."

माणसं मयत आटोपून, डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या कपड्यांनीच भिंतीपाशी गेली. नकाशात विहार होता, नाला होता, पाण्याची टाकी होती, वासुदेवरावांचा लेआउट तर गुलाबी रंगात होता. पांदण नव्हती. स्मशानही नव्हतं. त्या जागी चिन्हांची सूची होती, पांढऱ्या चौकटीत, कपाटाएवढी.

चोरीची तक्रार द्यायला दोघं ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "रस्ता शेवटचा कोणाच्या ताब्यात होता?"

त्या संध्याकाळी कौशल्याबाईंनी नालवाडीला आपल्या भाचीला फोन लावला.

"रक्षे, तू नकाशेवाली हायेस न व? मंग सांग मले. मी मेल्यावर मले कोठून नेतीन? त्या फाटकवाल्याले मिस कॉल देऊन?"

पलीकडे काहीच आवाज आला नाही. रक्षा थूल गप्प झाली की तिचा नवरा घरातल्या काचेच्या वस्तू उचलून ठेवत असे. त्यानं त्याही दिवशी उचलल्या.

"आत्या," ती शेवटी म्हणाली, "नकाशा पास कधी होतोय?"

"उद्याच्याले ग्रामसभा हाये. पास झाला का संपलं म्हणते."

२

रक्षाताईंनी नागपुरात नकाशे काढण्याच्या कामात उमेदीची वर्षं घालवली होती आणि आता त्या मुदतीआधी निवृत्त होऊन नालवाडीत राहत होत्या. निवृत्तीचं कारण तब्येत असं लिहिलं होतं. तब्येत साहेबांची होती. रक्षाताईंनी एका बैठकीत त्यांच्या नकाशाला 'दिवाळीचा फराळ' म्हटल्यावर ती बिघडली होती.

त्यांना राग यायला वाईट नकाशा पुरायचा. लग्नपत्रिकेवरचा हॉलचा नकाशा चुकला असेल तर त्या आहेर देण्याआधी वरपित्याला बाजूला घेत. पुलगावच्या रस्त्यावर एका ढाब्याच्या फलकावरचा बाण शेतात जाताना दिसला, तेव्हा त्यांनी गाडी थांबवून मालकाला इतकं सुनावलं की तो फुकट चहा देऊ लागला. तो त्यांनी घेतला नाही. बाणाचा राग चहावर काढू नये, पण चहानं विझवूही नये, असं त्यांचं मत होतं.

नकाशाबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. जे महत्त्वाचं ते आधी दिसलं पाहिजे. बाकीच्यांनी अंग चोरून बसावं. नावं रेषांवर चढू नयेत. कागदावर रिकामी जागा असली तर तिला कारण हवं आणि भरलेली असली तर तिला दुप्पट कारण हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या आत्याला घेऊन ग्रामपंचायतीच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

"हे कोणी काढलं?"

"अच्युत गुरुजीनं. शाळेत ड्रॉइंग शिकवे. दिवाळीच्या आधी काढलं."

वर 'आदर्श ग्राम मांडवखेड' ही अक्षरं एवढी जाड होती की गाव त्यांच्या ओझ्याखाली दबल्यासारखं वाटत होतं. उत्तर दिशा दाखवायला बाणाऐवजी मोर होता, पिसारा फुलवलेला. मोर पाहून रक्षाताईंनी डोळे मिटून घेतले. उघडल्यावर त्यांनी सावकाश बाकीची भिंत वाचली. वर डाव्या कोपऱ्यात खराखुरा विजेचा मीटर होता, लाकडी फळीवर बसवलेला. त्यावर चिमणीनं घरटं केलं होतं. गुरुजींनी शेतांच्या हिरव्या रेघा मीटरच्या फळीला टेकवून थांबवल्या होत्या. मीटरच्या खाली, गावाच्या डाव्या अंगाला गर्द आमराई. आणि उजवीकडे खाली ते कपाट.

"आत्या, आधी इथं काय होतं?"

"तपकिरी तुटक रेघ होती न! मी सोता पाह्यली. उद्घाटनाले गेलती मी. पण फोटोत पाह्यशीन तं पाहुण्याचं पोट हाये बरोबर त्याच जागी."

"आणि ही आमराई कोणाची?"

आत्यानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "अवो, तिथी तं बाभूळही नाई. उघडं बरड हाये. बकऱ्याही तिथून उपाशी येते."

रक्षाताईंनी सूचीच्या चौकटीवर बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. मग नाल्यावर फिरवलं. तिथं रंग गुळगुळीत, चकचकीत. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि सूची वाचायला सुरुवात केली. विहीर, शाळा, मंदिर, विहार, पाण्याची टाकी. पुढं रेल्वेमार्ग, जो गावात नव्हता. पुढं किल्ला. पुढं दीपगृह.

"दीपगृह म्हणजे काय व?"

"समुद्रकिनाऱ्यावर जहाजांना दिवा दाखवतात, ते."

"वर्धा जिल्ह्यात?"

"आत्या, तू हसू नकोस. मला आत्ता हसायचं नाही."

त्यांची नजर शेवटच्या ओळीवर आली आणि तिथंच रुतली. सूचीतलं शेवटचं चिन्ह तपकिरी तुटक रेघेचं होतं. त्यापुढं सुबक अक्षरात लिहिलं होतं : पांदण.

आणि अख्ख्या नकाशात तपकिरी तुटक रेघ एकही नव्हती.

३

अच्युत गुरुजींचं घर नीटनेटकं होतं. भिंतीवरच्या तसबिरी दोरी लावून टांगल्यासारख्या एका रेषेत होत्या. गुरुजी स्वतःही तसेच : मधोमध भांग, दोन्ही खिशांत एकेक पेन.

"या, या! नकाशातल्या जाणकार बाई आमच्या दारी! बसा. नाही, त्या खुर्चीवर नको, या. खोलीचा तोल जातो."

कौशल्याबाई दाराशीच उभ्या राहिल्या. "मी उभी राह्यली तं चालते का गुरुजी, का दार वाकडं होते?"

गुरुजी हसले. त्यांना वस्तीतल्या लोकांविषयी मनापासून आपुलकी होती. ती त्यांनी आजवर कोणाला त्रास होऊ न देता बाळगली होती.

"गुरुजी, नकाशात पांदण का नाही?" रक्षाताईंनी थेट विचारलं.

"ताई, मी केवळ नकलनवीस. तालुक्याहून कागदावरचा नकाशा आला, ग्रामसेवक मिहिर साहेबांनी माझ्या हाती दिला, मी तो भिंतीवर मोठा करून उतरवला. कागदात पांदण नव्हती. सूची होती, ती काढली."

"म्हणजे कागद आधी, भिंत नंतर."

"अर्थातच."

"दीपगृहसुद्धा कागदातलंच?"

गुरुजींनी चष्मा सारखा केला. "असेल. मी विचारत नाही. मी पाहतो ते वजन. रंगांचं, आकारांचं. ती सूची एवढी थोरली, उजवीकडे खाली. नुसती ठेवली असती तर डोळा तिकडेच घसरला असता, नकाशा कलंडला असता! कलावंताला तोल सांभाळावाच लागतो. पाहिलात ना तुम्ही? कलंडतो का?"

"नाही," रक्षाताई म्हणाल्या. "कलंडत नाही."

गुरुजींचा चेहरा उजळला. बऱ्याच वर्षांत कोणी एवढ्या गंभीरपणे त्यांचं चित्र पाहिलं नव्हतं.

चहा आला. टेबलावर स्वर्णविहार लेआउटचं गुळगुळीत माहितीपत्रक पडलं होतं. रक्षाताईंनी बशी ठेवायच्या निमित्तानं ते सरकवलं. आत बाग होती, कारंजं होतं, आणि एका चौकोनावर लिहिलं होतं : 'अच्युत कलादालन (नियोजित)'.

"वासुदेवरावांचं प्रेम," गुरुजी घाईनं म्हणाले आणि त्यांनी पत्रक पालथं घातलं.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "माणूस गोड हाये."

"हो," रक्षाताई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "आत्या, मला तो कागद पाहायचाय."

"कागद थे दाखवत नाई. काल वस्तीतले चार जण माग्याले गेलते, सायेब म्हणे मुदत संपली."

४

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मिहिर साहेब होते, खुर्चीत वासुदेवराव होते आणि बाजूच्या स्टुलावर सरपंच रीताबाई होत्या. खुर्ची सरपंचांची होती. रीताबाई निवडून येऊन वर्ष होत आलं, तरी ही गोष्ट अजून खुर्चीला कोणी सांगितली नव्हती.

"कागद दाखवा," रक्षाताई म्हणाल्या.

"मॅडम, हरकतींचा पिरियड होऊन गेला," मिहिर म्हणाला. तरुण होता, कडक इस्त्रीतला होता. "नकाशा सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. कोणाचीही हरकत आली नाही. आज फक्त ग्रामसभेची अंतिम मंजुरी."

"सप्टेंबरात कोठी लावलता थो?" आत्यानं विचारलं.

"नोटीस बोर्डवर."

"नोटीस बोर्ड तं तुमच्या कपाटाच्या मागं हाये."

मिहिरनं कपाटाकडे असं पाहिलं की जणू ते आत्ताच आत आलं होतं.

वासुदेवराव खुर्चीत सैलावले. "अवो बाई, आरडाओरडा काऊन करून राह्यल्या? एक वाट गेली तं गेली. गावातून मोठा सिमेंटचा रस्ता हाये न! मेन रोडनं न्या तुमचं मयत. आता कोण काय म्हणते? जमाना बदलला!"

कौशल्याबाईंनी पदर खोचला. आवाज चढला नाही, पण शेजारच्या खोलीतलं टायपिंग थांबलं.

"वासुदेवा, माहा सासरा गेला थेव्हा पुराचं पाणी होतं. नाला भरला होता. आमी म्हटलं, आजच्या दिवस गावातून नेऊ द्या. तुह्या आज्यानं आडवी काठी धरली. म्हणे तुमची वाट थी हाये, तिकडून जा. दोन दिवस मयत घरात ठेवलं आमी. थी पांदण आमी मांगतली नोती. तुमी लावून देल्ली होती आमाले, का तुमच्या दारावरून आमचं मढं जाऊ नाई. आता थ्या वाटेच्या बाजूनं प्लॉट पडले तं म्हणतं, वाटच नोती? मेन रोडनं आमी जाऊ. वरात घेऊन जाऊ, जयंतीची मिरवणूक घेऊन जाऊ. पण थी पांदण आमच्या मेलेल्याईनं पाय घासून केली. थी तुले नाई भेटत."

रीताबाई स्टुलावरून उठल्या, कपाटातून गुंडाळलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला.

"मॅडम, हे..." मिहिर म्हणाला.

"पाहू द्या त्याईले," रीताबाई म्हणाल्या. आपल्याच आवाजाचं त्यांना जरा नवल वाटलं असावं, कारण त्या लगेच खाली बसल्या.

कागदावर सगळं भिंतीसारखंच होतं. मोर होता, आमराई होती, दीपगृहासकट सूची होती. खाली सप्टेंबरची तारीख आणि शिक्का. रक्षाताई टेबलावर वाकल्या. नकाशा त्यांनी आधी सरळ पाहिला, मग उलटा फिरवून पाहिला. उलटा केला की नावं वाचता येत नाहीत आणि नुसते आकार दिसतात, ही त्यांची जुनी खोड. पुन्हा सरळ केला, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.

तिथं काहीच नव्हतं. शेतांच्या हिरव्या रेघा चारही बाजूंनी येऊन एका चौकोनापाशी अदबीनं थांबल्या होत्या, आणि चौकोन कोरा होता.

"इथं काय आहे?"

"ते?" मिहिर हसला. "व्हाइट स्पेस, मॅडम. नकाशाला श्वास घ्यायला जागा हवी. डिझाइनचं तत्त्व आहे."

रक्षाताईही हसल्या. आत्यानं चटकन त्यांचा हात धरला. रक्षा लहानपणी अशी हसली होती तेव्हा शाळेची खिडकी फुटली होती.

"ग्रामसभा कधी सुरू होते?" त्यांनी विचारलं.

५

ग्रामसभा भिंतीसमोरच्या पटांगणात भरली. सतरंज्या पडल्या. वस्तीतली माणसं नेहमीच्या सवयीनं मागं बसायला लागली, तेव्हा आत्यानं त्यांना हाकलून पुढं आणलं. वासुदेवराव पहिल्या रांगेत, गुरुजी त्यांच्या शेजारी, खांद्यावर नवी शाल. नकाशा मंजूर झाला की त्यांचा सत्कार होता.

मिहिरनं विषय वाचला. रक्षाताई उठल्या.

"बाहेरच्यांना बोलता येत नाही," वासुदेवराव म्हणाले.

"माह्याकून बोलते थी," आत्या म्हणाली. "मले दात नाई."

दात सगळे होते. पण हरकत कोणी घेतली नाही.

"मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत," रक्षाताई म्हणाल्या. "मिहिर साहेब, हा कागद भिंतीच्या आधीचा?"

"हो. सप्टेंबर. भिंत ऑक्टोबर."

"गुरुजी, तुम्ही या कागदावरून भिंत रंगवलीत?"

"मगाशी सांगितलंच," गुरुजी म्हणाले.

"ठीक." त्यांनी कागद उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा. "डाव्या कोपऱ्यात वर एक कोरा चौकोन आहे. तिथं कोणाचं शेत आहे?"

"माहं," मागून अश्वजित नावाचा शेतकरी म्हणाला. "तूर हाये तिथी."

"मग तूर का नाही काढली? साहेब म्हणतात व्हाइट स्पेस. मी जन्मभर नकाशांत मोकळ्या जागा ठेवल्या. मोकळी जागा कशाच्या तरी भोवती असते, नावाला उठाव द्यायला, गर्दी फोडायला. हिला कसलंच कारण नाही. अश्वजितची तूर कापून एक नेमका चौकोन का ठेवला? आता सगळ्यांनी भिंतीकडे पाहा. त्याच कोपऱ्यात काय आहे?"

पटांगणभर माना वळल्या.

"मीटर!" एक पोरगी ओरडली.

"मीटर. भिंतीवर गुरुजींना तिथं रंग लावता आला नाही, म्हणून त्यांनी रेघा फळीपाशी थांबवल्या. त्याला कारण आहे. कागदाला मीटर नसतो. कागद आधी निघाला असता तर त्याच्यावर मीटरची जागा सोडायचं कोणाला सुचलं असतं? कोणीतरी भिंतीचा फोटो घेतला, त्याच्यावरून कागद गिरवला, मीटर तेवढा गाळला आणि भोक तसंच ठेवलं. भिंत आधी. कागद नंतर. सप्टेंबरची तारीख खोटी."

मिहिरच्या शर्टाची इस्त्री एकदम उतरल्यासारखी वाटली. तो वासुदेवरावांकडे पाहायला लागला. वासुदेवराव पंख्याकडे पाहत होते. पंखा पटांगणात नव्हता.

"म्हणजे भिंत हाच मूळ नकाशा," रक्षाताई पुढं म्हणाल्या. त्यांचा आवाज आता दोरीसारखा ताणला होता. "मग भिंतीवर ही सूची कशी आली? साधी सूची चिन्हं किती त्यावरून मोठी-लहान होते. या गावात दाखवायच्या गोष्टी पाचसहा. मग चौकट कपाटाएवढी का? कारण चौकटीखाली झाकायची गोष्ट तेवढी होती. आधी चौकटीचं माप ठरलं, मग ती भरायला चिन्हं शोधली. रेल्वे, किल्ला, दीपगृह. कोणत्याही शाळेच्या भूगोलात मिळतील. पण शेवटचं चिन्ह पांदणीचं आहे. हे कोणत्याच शाळेच्या पुस्तकातल्या सूचीत नाही. ते ज्यानं लिहिलं त्यानं ते पांदणीवरूनच उचललं. त्याच्या समोर, या भिंतीवर, तपकिरी रेघ होती."

"हे यानंच केलं!" वासुदेवराव उठले आणि त्यांनी मिहिरकडे बोट दाखवलं. "हा बाहेरचा माणूस. मले काही सांगितलं नाई यानं!"

"राव!" मिहिर किंचाळला.

"कागद त्यांनी गिरवला," रक्षाताई म्हणाल्या. "आणि कोणासाठी ते त्यांना सांगावंच लागेल. पण सूची त्यांची नाही. त्यांच्या हातचा चौकोन मी कागदावर पाहिला. ज्या माणसाला भोकाचं काही वाटत नाही, तो सूची फासून घरी गेला असता. हे काम दुसऱ्याचं आहे. आमराई पाहा."

पुन्हा माना वळल्या.

"तिथं आमराई आहे का?"

"बरड हाये!" पुरुष, बाया, पोरं, सगळ्यांनी एकदम सांगितलं. वरच्या आळीचेही त्यात होते.

"मग का काढली? ती झाकण्यासाठी नाही, तिच्याखाली काही नाही. ती विकण्यासाठी नाही. नकाशात तिचा एकच उपयोग आहे. उजवीकडे खाली एवढी जड चौकट आली, नकाशा तिकडे कलला. ते ज्याला सहन होईना, त्यानं डावीकडे तेवढ्याच वजनाचा गर्द हिरवा ठिपका ठेवला. चोरी करताना ज्याला चित्र वाकडं झालेलं खपत नाही, असा माणूस या गावात कोण आहे?"

कोणी नाव घेतलं नाही. पण पहिल्या रांगेत एक शाल खांद्यावरून घसरली.

६

"नाही," गुरुजी म्हणाले. "पुरावा नाही. हा तर्क झाला."

रक्षाताईंनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं ग्रामपंचायतीच्या नळाखालची बादली कधीच भरून ठेवली होती. ती उचलून तिनं भिंतीवर फेकली. नेम चुकला आणि निम्मं पाणी वासुदेवरावांवर पडलं. त्याबद्दल आत्यानं नंतरही माफी मागितली नाही, आणि नेम खरंच चुकला का, हेही सांगितलं नाही.

सूची वितळायला लागली. आधी किल्ला वाहिला, मग दीपगृह. पांढरं पाणी भिंतीवरून ओघळलं, पायथ्याशी साचलं. बाकी भिंत तेलरंगाची होती, ती तशीच राहिली. आणि पांढऱ्याखालून, तुकड्यातुकड्यानं, तपकिरी रेघ वर आली. नाल्यावरून गेली. कडुनिंबाला वळसा घालून स्मशानापाशी थांबली. तिथं गुरुजींच्या सुबक अक्षरात स्मशानही लिहिलेलं होतं.

वस्तीतल्या काही बाया उभ्या राहिल्या, जणू रेघेवरून कोणी येत होतं.

गुरुजी उठून उभे राहिले. "ताई, तेलरंगानंही झाकता आलं असतं मला. मी मुद्दाम धुऊन जाणारा रंग घेतला. आणि सूचीत पांदण लिहिली. कोणाला तरी दिसावं म्हणून. माझ्या हातून जेवढं झालं..."

क्षणभर सगळ्यांना वाटलं, ही बाई आता विरघळेल. गुरुजींनाही वाटलं.

"जेवढं झालं?" रक्षाताई म्हणाल्या. "गुरुजी, तुम्ही खोटं पक्क्या रंगात बोलला नाहीत, म्हणून मी आभार मानू? दिसावं कोणाला तरी. बोलावं कोणी तरी. पाणी आणावं कोणी तरी. आणि तोवर तुम्ही शाल घेऊन पहिल्या रांगेत! कवडूमामा फाटकापाशी उन्हात पडले होते, तेव्हा तुम्ही का नाही बादली आणली? तुम्हाला माहीत होतं खाली काय आहे. त्या दिवशी गावात ते माहीत असलेले तुम्ही एकटे कलावंत होता."

"वासुदेवराव म्हणाले, दालनाला माझं नाव..."

"वाचलं मी."

गुरुजी खाली पाहत राहिले. शाल पांढऱ्या पाण्यात भिजत होती, ती त्यांनी उचलली नाही.

तेवढ्यात रीताबाई उठल्या. त्या आज सतरंजीवर बसल्या नव्हत्या. आतून ती खुर्ची आणवून तिच्यात बसल्या होत्या, हे त्या उभ्या राहिल्यावर लोकांच्या लक्षात आलं.

"हा कागद नामंजूर," त्या म्हणाल्या. "मिहिर साहेब, तसं लिवा. तारीख आजची टाका. आणि वासुदेवभाऊ, फाटकाची किल्ली."

"किल्ली घरी हाये."

"मंग राहू द्या. फाटक बिजागरीवरून निघते."

निघालं. अश्वजित आणि आणखी चौघांनी ते उचलून लेआउटच्या पाटीला टेकवून ठेवलं, फार व्यवस्थित, कुलूप लागलेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी रंगाचे डबे घेऊन भिंतीपाशी आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कोणी हाकललंही नाही. रक्षाताई आणि आत्या आधीच येऊन उभ्या होत्या. रक्षाताईंचा राग रात्रभरात अजिबात ओसरला नव्हता. फक्त त्याला जागा सापडली होती.

गुरुजींनी खाली मान घालून आमराई पुसली, तिथं बरड दाखवलं. मग बारीक ब्रश घेऊन पांदणीच्या पुसट रेघेपाशी आले.

"तो नको," रक्षाताई म्हणाल्या. "जाड घ्या."

"एवढा?"

"आणखी जाड."

"ताई, पांदण मुख्य रस्त्यापेक्षा जाड दिसेल. शीर्षकाच्या आधी तीच डोळ्यांत भरेल."

"भरू द्या. जे महत्त्वाचं ते आधी दिसलं पाहिजे."

गुरुजींनी सवयीनं दोन पावलं मागं जाऊन, एक डोळा मिटून भिंतीकडे पाहिलं. आमराई गेलेली. उजवीकडे खाली ती जाड तपकिरी वाट येणार. त्यांच्या तोंडून अगदी कळवळून निघालं, "पण ताई, सगळा तोल जाईल हो!"

कौशल्याबाईंनी डब्यातला सगळ्यात रुंद ब्रश उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"जाऊ द्या गुरुजी," त्या म्हणाल्या. "इतके दिवस आमीच सांभाळला."